किणी टोलनाक्यावर तापलेलं चाक

मागं जोडलेल्या गाडीची मुख्य अडचण ही की चालताना तिच्यात कुणी बसलेलं नसतं. कारचं बेरिंग जायला लागलं की सीटखालून घरघर सुरू होते, स्टेअरिंगला कळतं, शेजारी बसलेला विचारतो, ‘हे काय वाजतंय?’ ट्रेलरचं चाक मात्र काचा लावलेल्या कारच्या मागं पाच-सहा मीटरवर एकटंच रडत असतं. म्हणून आमचा नियम असा की चहाला थांबलं की आधी चाकांना हात लावायचा आणि मग चहा सांगायचा.

ट्रेलर लहान आहे. एक ॲक्सल, दोन चाकं, आत दोघांची झोपायची सोय आणि मागचं दार वर उचललं की ओटा. पावसाळाभर तो सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभा होता. दसरा झाल्यावर पुण्याहून निघालो. बेत कोल्हापुरात मुक्काम करून गगनबावड्यावरून मालवणला उतरायचा होता. खंबाटकी, सातारा, कराडपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. किणी टोलनाका ओलांडून गाडी कडेला घेतली, तेव्हा उजव्या चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, हात आरामात टेकवता आला. डाव्यावर मात्र दोन सेकंदही ठेववेना. बायकोनं डिकीतलं इन्फ्रारेड थर्मामीटर काढलं. उजवीकडं ४४ अंश, डावीकडं ७९.

हब गरम होणं यात नवल नाही, कोमट तर तो होतोच. घाट उतरून आल्यावर ब्रेकमुळं चांगलाच तापतो. पण सपाट रस्त्यावर दोन चाकांत एवढा फरक म्हणजे एकतर ब्रेक चिकटलाय, नाहीतर बेरिंग बोलतंय. चाळीसच्या वेगानं हळूहळू पुलाच्या शिरोलीपर्यंत आलो. पंचगंगा ओलांडून शहरात शिरण्याची गरजच पडली नाही.

कारच्या गॅरेजमध्ये ट्रेलर नेला की लोक गोळा होतात, फोटो काढतात आणि शेवटी ‘हे आमच्याकडं होत नाही’ म्हणतात. कोल्हापूर त्याला अपवाद ठरणार होतं, कारण या जिल्ह्याचा अर्धा संसार ट्रॉलीवर चालतो. गळीत हंगाम तोंडावर होता, कारखान्यांत अजून मोळी पडायची होती आणि शिरोलीच्या त्या वर्कशॉपच्या पटांगणात उसाच्या ट्रॉल्या ओळीनं उभ्या होत्या. सगळ्यांचे हब उघडे, चाकं बाजूला, पत्र्याच्या घमेल्यांत डिझेलमध्ये बुडवलेली बेरिंगं. आमचा पांढरा चिमुकला ट्रेलर त्या रांगेत लागला तेव्हा कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. मला फार बरं वाटलं.

मिस्त्रींनी एवढंच विचारलं, “पाव्हणं, वजन किती?”

“सामानासकट आठशे किलो.”

“मग ह्याला काय धाड भरलीय? आमची दहा-दहा टन वढत्यात.”

उजव्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावून त्यांनी डावं चाक जॅकवर उचललं आणि ॲक्सलखाली घोडा दिला. चाक हातानं फिरवलं. अडत नव्हतं, म्हणजे दोष ब्रेकचा नव्हता. पण आतून खरखर येत होती. मग वर एक हात, खाली एक हात धरून चाक आत-बाहेर हलवलं, तर टक-टक. एवढी परीक्षा कुणालाही घरी करता येते.

ग्रीसची टोपी निघाली, नट अडवणारी कॉटर पिन सरळ करून ओढली, खाचांचा नट सुटला, बाहेरचं बेरिंग हातात आलं. मागोमाग सगळा हबच बाहेर. आतलं ग्रीस दुधाळ राखाडी झालं होतं, म्हणजे पाणी शिरलेलं. मागच्या ऑइल सीलची रबरी कड कडक होऊन चिरली होती, पाणी तिथूनच गेलं. डिझेलनं धुऊन मिस्त्रींनी हबमधला कप, म्हणजे बेरिंगची बाहेरची कडी, माझ्यापुढं धरला. गुळगुळीत पोलादावर समान अंतरावर आडव्या काळ्या रेघा. दोन रेघांमधलं अंतर बरोबर दोन रोलरमधल्या अंतराएवढं.

“हे पळून न्हाई गेलं, उभं राहून गेलंय. ट्रॉलीचंबी असंच हुतंय, पावसात चार महिनं एका जागी ऱ्हायली की.”

माझा समज असा होता की बेरिंग किलोमीटरनं झिजतं. पुस्तकी नियमही तसाच आहे, साधारण वर्षातून एकदा किंवा वीसेक हजार किलोमीटरला साफ करून नवं ग्रीस भरायचं. पण आमच्यासारख्यांचे ट्रेलर धावतात कमी आणि उभेच जास्त राहतात. रोलर आणि कप जिथं टेकलेले असतात तिथं ओल राहिली की गंज धरतो, मग त्या प्रत्येक रेघेवरून रोलर उडी मारत जातो आणि धातूचे टवके निघू लागतात. म्हणजे आमच्यासाठी कॅलेंडरच खरं, आणि तेही पावसाळा संपल्यावरचं.

टेपर, म्हणजे निमुळत्या, बेरिंगचे दोन भाग असतात. रोलरवाला कोन ॲक्सलच्या दांड्यावर बसतो आणि कप हबमध्ये ठोकलेला असतो. नुसता कोन बदलून जुना कप ठेवायचा हा चेंगटपणा अनेक ठिकाणी चालतो, आणि नवा कोन त्या रेघांवर फिरून पुन्हा जातो. बदलायचा तर जोड बदलायचा. नंबर कोनावरच कोरलेले असतात. आमच्या हबला आत ३०२०६ आणि बाहेर ३०२०५, म्हणजे ३० आणि २५ मिलिमीटर भोकाचे. मिस्त्रींच्या पोराच्या दुचाकीवर बसून मी उद्यमनगरात गेलो. ऑइल इंजिनं आणि फौंड्र्यांवर वाढलेल्या या गावात बेरिंगच्या दुकानात नंबर सांगितला की पुढचा प्रश्न एकच येतो, ‘कुठल्या कंपनीचं?’ डब्यावरचा आणि बेरिंगवरचा नंबर ताडून घेतला, सील मात्र जुना नमुना दाखवूनच घेतला.

परतलो तोवर जुने कप निघाले होते. छिन्नी एका बाजूला, मग समोरच्या बाजूला, असं आलटून पालटून ठोकत. नवा कप बसवताना जुनाच कप वर ठेवून हातोडी मारली. आवाज बद्द येत असतो तोवर कप बसलेला नसतो. टणक वाजला की मिस्त्री थांबले, हातोडी ठेवून दिली.

ग्रीसवरून मात्र मी तोंड उघडलं. शेजारच्या ट्रॉलीचा हब पोरगं काठोकाठ भरत होतं. मिस्त्री हसले. “ती पंधराच्या स्पीडनं जातीय, तिला चालतंय. तुमचं ऐंशीनं. गच्च भरलं तर घुसळून तापंल.” मग तळहातावर लिथियम ग्रीसचा गोळा घेऊन कोनाची रुंद कड त्यात दाबत, दुसऱ्या बाजूनं ग्रीस वर येईस्तोवर एकेक रोलर भरला. हबच्या पोकळीत थोडंच ठेवलं. जुन्या ग्रीसवर वेगळ्या जातीचं ग्रीस थापायचं नाही, दोन्ही मिळून पातळ होऊ शकतात. आधी सगळं धुऊन काढलं होतं ते त्यासाठीच.

शेवटी नट. इथं बरीच बेरिंगं मारली जातात, कारण हात शिवशिवतो आणि आवळून टाकावंसं वाटतं. चाक फिरवत फिरवत पान्यानं आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग पूर्ण ढिला करायचा, मग नुसत्या बोटांनी टेकवायचा आणि पिनेच्या भोकाशी खाच जुळत नसेल तर पुढची नव्हे, मागची, म्हणजे नट ढिला करणारी, खाच घ्यायची. टेपर बेरिंगला किंचित मोकळीक लागते. कॉटर पिन नवीनच.

उजवं चाकही उघडलं. बेरिंग ठणठणीत, सील तेवढं कडक झालेलं, ते बदललं. बिल कोल्हापुरातल्या एका रात्रीच्या हॉटेलभाड्याहून कमी. बायकोला आतून चहा आला, मला मात्र ‘पाव्हणं, आधी हात धुवा.’

दुपारचा तांबडा-पांढरा रस्सा उशिरा मिळाला. ट्रेलर घेऊन महाद्वार रोडच्या गर्दीत शिरणं शक्यच नव्हतं, म्हणून तो वर्कशॉपातच ठेवून अंबाबाईचं दर्शन घेतलं, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. दुसऱ्या दिवशी थेट गगनबावड्याला न जाता आधी पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळपर्यंत चाचणी फेरी मारली. वीसेक किलोमीटर, शेवटी थोडा चढ. थांबून हात लावला, दोन्ही हब सारखेच कोमट. तिथंच चाकांचे नट पुन्हा आवळले, कारण चाक काढून बसवल्यावर पहिल्या काही किलोमीटरांत ते थोडे सैल पडतात. मला पन्हाळा गाठायचा होता. तबक उद्यानापाशी ट्रेलर वळवायला जागा मिळेल का यावरून आमचं भांडण झालं आणि ती जिंकली, आम्ही तसेच परतलो.

कुडित्रे, कळे, साळवण करत गगनबावड्याला पोचलो. घाट उतरण्याआधी आणि उतरल्यावर हबचं तापमान पाहिलं. खाली दोन्ही तापलेले, पण सारखे, म्हणजे ब्रेकचं काम. आता ओट्याखालच्या डब्यात दोन्ही नंबरांचा एकेक जोड, एक सील, मूठभर कॉटर पिना आणि ग्रीसचा डबा असतो. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं ३०२०६, ३०२०५ आणि सीलचं माप लिहून ठेवलंय.