दोन डब्या

2021 च्या मे महिन्यात मला कोविड झाला. साखर आधीचीच, त्यात स्टेरॉइड. बरा होऊन खानापूरला घरी आलो आणि गणपतीच्या सुमारास कंबर धरली. आरास करताना लचक भरली असेल म्हणून आई तेल चोळायची. रात्री कूस बदलताना मात्र जीव जायचा.

एमआरआयमध्ये कमरेच्या एल3-एल4 या दोन मणक्यांमधली चकती खाल्लेली दिसली. आपल्याकडे असं दिसलं की आधी टीबीचंच नाव घेतात, आणि बहुतेकदा ते बरोबरही असतं. माझ्या टीबीच्या गोळ्या मात्र मणक्यातला तुकडा काढून न तपासताच सुरू झाल्या. तीन महिने नारिंगी लघवी, दुखणं वाढतंच. मग पायरी चढताना डावा गुडघा दुमडायला लागला.

बेळगावात दुसऱ्या डॉक्टरांनी सीटीवर बघत सुईने तुकडा काढला आणि अण्णाच्या हातात दोन डब्या दिल्या. एकीत फॉर्मॅलिन, दुसरीत नुसतं सलाईन. "फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काही उगवत नाही. सलाईनची डबी सांभाळा." अण्णा लॅबच्या काउंटरवर आपल्या मोडक्या कन्नडात "इदु बेरे, अदु बेरे" (हे वेगळं, ते वेगळं) करत बसला. दोन्ही एकाच पिशवीत टाकू दिल्या नाहीत बघा त्यानं! त्या सलाईनच्या डबीतच अस्परजिलस उगवली. बुरशी.

संमतीचा कागद कन्नडात होता, सिस्टरने मराठीत समजावून सांगितला. ऑपरेशनमध्ये सडलेला भाग खरवडला, नसेवरचा दाब काढला, कमरेच्या हाडाचा तुकडा मधे बसवून वर-खाली स्क्रू आणि सळ्या घातल्या. ते झेपलं. पुढचं औषध जास्त जड गेलं. टीबीच्या गोळ्यांतली रिफाम्पिसिन बुरशीवरच्या व्होरिकोनॅझोल या गोळीला रक्तात टिकू देत नाही, म्हणून रिफाम्पिसिनचा असर उतरेपर्यंत शिरेतून अँफोटेरिसिन हे बुरशीवरचंच दुसरं औषध. रोज हुडहुडी, एक दिवसाआड किडनीसाठी रक्ततपासणी.

नंतर अकरा महिने व्होरिकोनॅझोल, दोन्ही वेळा जेवणापासून तासभर लांब. पहिले काही दिवस गोळी घेतली की ट्यूबलाइटभोवती रंग नाचायचे. उन्हात कातडी भाजायची, म्हणून बांधावर छत्री घेऊन जायचो. गावातली पोरं मला साहेब म्हणायला लागली.

शेवटच्या एमआरआयमध्ये दोन्ही मणके जुळलेले दिसले. पायात जोर आला. वाकून रोप लावायला अजून जमत नाही, ते वैनी बघतात.