मोरीच्या तोंडातले पोते

वकिली सुरू करून चार वर्षे झाली होती तेव्हा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पाण्याच्या दाव्यात मला कोर्ट कमिशनर नेमण्यात आले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9 प्रमाणे ही नेमणूक होते. कमिशनरने जागेवर जाऊन जे दिसेल ते टिपायचे असते. हक्क कोणाचा, हे त्याने ठरवायचे नसते.

दावा अकरा कुटुंबांचा होता. भाताची कापणी उरकली की ओढ्यावर दगडमातीचा बांध घालायचा, ते पाणी पाटाने खालच्या शिवारात न्यायचे आणि मिरची, भाजीपाला व थोडाफार ऊस यांना पाळीपाळीने द्यायचे, ही त्यांची वाडवडिलांपासूनची वहिवाट. हा पाट प्रतिवादीच्या शेताच्या कडेने जाऊन पाणंदीखालच्या दगडी मोरीतून पलीकडे उतरत असे. प्रतिवादीने जेसीबी लावून तो बुजवला होता. त्याचे म्हणणे असे की तिथे कधी पाट नव्हता. पावसाचे पाणी वाहणारी एक घळ होती आणि ती आपण पाच वर्षांपूर्वीच सपाट केली. या वादात भाषेनेही थोडी भर घातली होती. दाव्याच्या कन्नड अर्जात ‘कालुवे’ आणि इंग्रजी भाषांतरात ‘कॅनॉल’ असा शब्द पडला होता, त्यामुळे ‘आमच्या जमिनीतून कोणताही कॅनॉल जात नाही’ हे प्रतिवादीचे लेखी उत्तर अक्षरशः खरेच होते. पाट म्हणजे कालवा नव्हे, हे आमच्या भागात शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही, पण कागदाला ते सांगावे लागते.

पाच वर्षांचा मुद्दा मात्र साधा नव्हता. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातील कलम 15 नुसार दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्याचा हक्क मिळण्यासाठी वहिवाट शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि अखंड 20 वर्षे चाललेली असावी लागते. शिवाय ती 20 वर्षे दावा दाखल होण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. पाट खरोखरच पाच वर्षांपूर्वी बुजवला असता, तर आजोबांच्या काळापासूनचे पाणी वादींना निदान या कलमाखाली तरी मागता आले नसते. वादी सांगत होते की बुजवून पुरती दोन वर्षेही झालेली नाहीत. ग्रामपंचायतीकडे लगेच तक्रार केली, पण गावातच मिटेल या आशेने कोर्टाची पायरी चढायला उशीर झाला.

पाहणीच्या दिवशी भूमापक आणि दोन्ही बाजूंचे वकील हजर होते, आणि पाणंदीवर निम्मे गाव जमले होते. गावनकाशात पाटाची रेघ नव्हती, जमीन मोजणीच्या जुन्या टिपणातही नव्हती. वादींनी पाळीचा उल्लेख असलेले एक मोडीतले वाटणीपत्र माझ्यापुढे धरले. ते मी परत केले, कारण कागद कोर्टात दाखल करायचा असतो, कमिशनरच्या हाती द्यायचा नसतो. मोरी मात्र पाणंदीच्या खालच्या अंगाने स्पष्ट दिसत होती. घडीव दगडांची, तळाला फरशी असलेली, आणि दोन्ही बाजूंच्या दगडांवर वीतभर उंचीपर्यंत वाळक्या शेवाळाचा पट्टा. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, “वकीलसाहेब, पावसाच्या घळीला कोण असली मोरी बांधतंय व्हय?” मी मोजमापे लिहिली, त्यांचा प्रश्न लिहिला नाही.

वरच्या अंगाचे तोंड भरावाखाली गेले होते. आदेशात ‘भरावाची स्थिती पाहावी’ असे शब्द होते, आणि उकरण्याची मुभा त्यात बसते की नाही याबद्दल माझे मन साशंक होते, म्हणून मी दोन्ही बाजूंची लेखी संमती मागितली. प्रतिवादीने क्षणाचाही विचार न करता सही केली. त्याच्या वकिलांच्या चेहऱ्यावर मात्र नाराजी दिसली, असे मला आजही वाटते. गड्यांनी तीन फूट माती काढल्यावर मोरीच्या तोंडात दाबून बसवलेली पोती लागली. सिमेंटची रिकामी पोती मातीने भरून तिथे कोंबली होती. एक पोते झटकून उन्हात धरले, तेव्हा त्याच्यावर छापलेला उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष वाचता आले. ती तारीख दावा दाखल होण्याच्या आधी 22 महिन्यांची होती. पाणंदीवर कोणी काही बोलले नाही. मी पंचनाम्यात पोत्याची खोली, जागा आणि छापील मजकूर जसाच्या तसा उतरवला, पोते सीलबंद केले आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. त्यावरून काय अनुमान निघते, हे मी लिहिले नाही.

अहवालावर हरकत आली आणि मला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. प्रतिवादीच्या वकिलांनी विचारले की जुना भराव मध्येच उकरून मोरीच्या तोंडात ही पोती नंतर बसवली गेली असतील, हे शक्य आहे की नाही. वादींची सगळी माणसे मागच्या बाकांवर बसलेली होती. मातीचे थर तपासण्याचे ज्ञान मला नव्हते, आणि त्या दिवशी मी ते तपासलेही नव्हते. मी “शक्य आहे” असे उत्तर दिले.