चवथीची सफाई आणि गाडीच्या काचांची वाट

माझ्या गाडीच्या काचांना उन्हासाठी लावलेल्या काळ्या फिल्मची वाट मीच लावली, दुसऱ्या कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. चवथीच्या आधी घरात गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या माटोळीची गडबड चाललेली, आई म्हणाली गाडी पण पुसून घे रे, मग काय, आरसे पुसायची ती निळी बाटली उचलली आणि चारही काचांना आतून फसाफस मारली. काचा अशा लखलखल्या की मग दर रविवारी तेच सुरू केलं. पुढच्या शिमग्यापर्यंत मागची काच धुरकट आणि कडेने जांभळट.

म्हापशाला जिथं फिल्म लावलेली तिथल्या पोराने बघितलं न बघितलं आणि विचारलं, "भाऊ, कित्यान पुसतात तुमी?" बाटलीचं नाव सांगितल्यावर नुसता हसला.

तर गोष्ट अशी की फिल्म काचेच्या आतल्या बाजूला असते. काच ती काच, पण फिल्म म्हणजे प्लास्टिक, त्याला गोंद, आणि स्वस्तातली असेल तर नुसता रंग. काच पुसायच्या बऱ्याच स्प्रेमध्ये अमोनिया असतो, तो या रंगाला आणि गोंदाला खातो. बाहेरून मारलात तर एकवेळ चालेल, आतून नाहीच. जांभळी झालेली फिल्म परत काळी होत नाही, काढूनच टाकावी लागते, मी टाकली.

आता बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, एक ओला मायक्रोफायबर, एक कोरडा, बस्स. पेपरचा बोळा पण बंद, काचेवर चालतो, फिल्मवर चरे पाडतो. आणि कोरड्या फडक्याने तर कधीच नाही, आमच्या डिचोलीकडची ती तांबडी धूळ काच बंद असली तरी आत येते, ती सुकीच घासली की पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं.

मोरजीच्या किनाऱ्यावर जाऊन आलात की दाराच्या रबरात रेती अडकते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. काच वरखाली केली की ती रेती फिल्मवर उभ्या रेघा ओढते. जुना टूथब्रश घ्यायचा आणि आधी रबर साफ करायचं, मग काच खाली.

नवीन फिल्म मी जुलैत लावली, तोही शहाणपणाच. उन्हाळ्यात तीन-चार दिवस काच खाली करू नका म्हणतात, आमच्या पावसात मी आठवडाभर नाही केली, तरी आत पाण्याचे बारीक फुगे दिसत होते. मोठा भाचा टाचणी घेऊन तयारच! हात लावू दिला नाही, ऊन पडलं तसे आपोआप गेले.

आणि हो, गडद फिल्म बघून हुरळू नका. 2012 ला सुप्रीम कोर्टाने फिल्मच बंद केलेली, नंतर नियम बदलला, आता पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आत आला पाहिजे. यात कंपनीची काच पण मोजतात, म्हणजे बाजूची काच 75 टक्क्यांची आणि वर फिल्म 70 ची तर हिशोब येतो 52 वर. मी घेतली ती एवढीच.

निळी बाटली अजून कपाटात आहे. आईने तिच्यावर मार्करने लिहून ठेवलंय, "फक्त आरसा".