बरणीतली पिल्लं

रविवार, रात्र

सकाळी बरणी खिडकीत सरकवताना काचेवर राजगिऱ्याएवढे ठिपके दिसले. भिंग लावलं तर गोगलगायीची पिल्लं! प्रत्येकाच्या पाठीवर वेढे घातलेला शंख. आईच्या मानेमागच्या पिशवीत वाढून, शंखासकट बाहेर पडलेली. अकरापर्यंत मोजली, मग ती चालू लागली आणि मोजणी चुकली.

मागच्या रविवारी रंकाळ्यावर, संध्यामठाच्या बाजूला काठच्या गाळातून ही एकच गोगलगाय उचलली होती. बोटाच्या पेराएवढी, निमुळत्या शंखाची. शास्त्रीय नाव मेलॅनॉइडिस.

पुतणीनं विचारलंच, "आत्ती, ही एकटीच होती की गं. मग ह्यांचा बाबा कुठाय?"

म्हटलं, ह्यांना बाबा लागत नाही. या जातीत नर क्वचितच सापडतो, माद्या एकट्यानंच लेकी जन्माला घालतात.

"म्हणजे सगळ्या सेम टू सेम?"

वर्गात मीही कितीदा "आईची नक्कल" एवढंच सांगून पुढं गेलेय. आज तसं सांगवेना. न्यूझीलंडच्या तळ्यांत पोटामोपिर्गस नावाची पाच-सहा मिलिमीटरची गोगलगाय आहे. तिच्यात नर-मादीचा संसार करणाऱ्याही आहेत आणि नराशिवाय वाढणाऱ्याही, पुष्कळदा एकाच तळ्यात. पहिल्यांत गुणसूत्रांचे दोन संच, दुसऱ्यांत बहुधा तीन. पण या तीन संचवाल्या कुणा एकाच आदिमातेच्या लेकी नाहीत. नर-मादीवाल्या गोतावळ्यातूनच पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वेळी, एकेक घराणं वेगळं निघालं. म्हणून एकाच तळ्यात कितीतरी घराणी नांदतात.

आणि ते गरजेचंही आहे. तिथं मायक्रोफॅलस नावाचा परजीवी कृमी या गोगलगायींना वांझ करतो. जे घराणं तळ्यात फार वाढतं, त्यालाच काही काळानं तो जास्त धरतो. मग आजवर मागं पडलेल्यांना वाव मिळतो. हीच गोगलगाय १९८७ मध्ये अमेरिकेत स्नेक नदीत सापडली. त्या देशाच्या पश्चिम भागात ती पसरली, पण तिथं बहुतेक एकाच घराण्याची. माहेरी एवढी विविधता आणि परमुलखात एकच वाण! हे वाचलं तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

पुतणी बराच वेळ काचेला नाक लावून बसली होती. मग म्हणाली, "पंचगंगेतली वेगळ्या घरची असंल काय?"

उद्या घाटावर जायचंय. तिनं आत्ताच लोणच्याची रिकामी बरणी धुऊन पालथी घातलीय, आणि पहिल्या बरणीवर चिठ्ठी डकवलीय: रंकाळा, आई नंबर १.