मरुतचं किट का मिळत नाही

कुर्ट टँक या जर्मन विमान डिझायनरचं नाव विमानांची छोटी मॉडेलं जोडणाऱ्यांना नवीन नाही, दुसऱ्या महायुद्धातलं फॉके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान त्याचंच. त्याचं किट, म्हणजे भाग जोडून मॉडेल बनवायचा संच, टामिया कंपनीचं घ्या, हासेगावाचं घ्या, एडुआर्डचं घ्या, बहात्तरमध्ये (खऱ्याच्या १/७२ मापात) हवं की अठ्ठेचाळीसमध्ये (१/४८) ते तुम्ही ठरवायचं. हाच टँक पुढे बंगळूरला एचएएल या सरकारी विमान कंपनीत आला, त्याने आणि आपल्या इंजिनीअर्सनी मिळून एचएफ-२४ मरुत हे लढाऊ जेट बनवलं, १७ जून १९६१ ला ते पहिल्यांदा उडालं, १९७१ ला राजस्थानच्या आघाडीवर लढलं, आणि त्याचं किट शोधायला जा, टामिया नाही, हासेगावा नाही, एअरफिक्स नाही, मोठ्या कंपनीचं एकही दिसत नाही. एखाद्या छोट्या वर्कशॉपचं रेझिनचं (साच्यात हाताने ओतायचा, घट्ट होणारा द्रव) कुठे दिसलं तर किंमत बघून टॅब बंद करावा लागतो.

आपलं विमान म्हणून मुद्दाम डावललं असं बरेच जण म्हणतात, मला ते पटत नाही. सगळा खेळ साच्याचा आहे. प्लास्टिकच्या किटचा स्टीलचा साचा कापायला प्रचंड पैसा लागतो, तो एकदाच लागतो पण आधी लागतो, आणि एकदा साचा झाला की त्यातून हजारो किट्स निघतात, म्हणून कंपनी असंच विमान शोधते ज्याचा साचा पुन्हापुन्हा वापरता येईल. फॉके-वुल्फ वीस हजारांवर बनली, व्हर्जन ढीगभर, थोडे पार्ट बदलले, डेकल्स (विमानावर चिकटवायच्या खुणा) बदलले की नवा बॉक्स तयार. मिग-२१ तर कितीतरी देशांनी उडवलं, त्यामुळे किट कुठलंही आणा आणि भारतीय डेकल्स लावा, काम झालं. मरुत बनली १४७, वापरली फक्त आपण. दुसऱ्या देशाचा बॉक्स काढायचा तरी कुणाचा?

नॅट या छोट्या ब्रिटिश जेटचं उदाहरण तर मनाला फार लागतं. एअरफिक्सचं नॅट म्हणजे दोन सीटचं ट्रेनर, कारण ब्रिटनमध्ये ते रेड अॅरोज या हवाई कसरतींच्या टीमचं लाल विमान म्हणून प्रत्येकाला माहीत, विकलं जाणारच. आपलं नॅट एका सीटचं, फायटर, १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों ज्यात लढले आणि ज्यांना परमवीरचक्र मिळालं ते. नाक वेगळं, कॅनपी (पायलटवरची काच) वेगळी, विंगसुद्धा वेगळी, ट्रेनरमधून ते कापूनकुपून होत नाही. शेवटी चेक कंपनी स्पेशल हॉबीने बहात्तरमध्ये एका सीटचं नॅट आणि अजीत (नॅटवरूनच एचएएलने बनवलेलं) काढलं, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. पण ते शॉर्ट-रन, म्हणजे साचा स्वस्तातला, माल मर्यादित, पार्ट जुळवायला कानस आणि पुट्टी घेऊन बसायचं, आणि संपलं की परत कधी येईल याची खात्री नाही.

रेझिन महाग का तेही बघा. तिथे स्टील नाही, सिलिकॉन रबरचा साचा, त्यात माणूस हाताने रेझिन ओततो, बुडबुडे काढतो, वाळल्यावर सोडवतो, आणि वीस-तीस प्रती काढल्या की रबर फाटायला लागतं, मग परत नवा साचा. म्हणून त्या किमतीला मी लूट म्हणणार नाही, मजुरीच आहे ती. वर आपल्याकडे कस्टम. स्केल मॉडेलं खेळण्यांच्याच हेडिंगखाली येतात, तिथली ड्युटी २०२० ला २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ ला ७०. चीनचा स्वस्त माल थांबवायला केलं असेल, पण १/७२ चं विमान भारतात बनवणारं कोण आहे ज्याला याने संरक्षण मिळालं? मला तरी हा निर्णय या छंदापुरता चुकीचाच वाटतो.

आता थोडी आशा थ्री-डी प्रिंटिंगमुळे वाटते, त्याला साचाच लागत नाही, दहा प्रती विकल्या तरी चालतं. अडतं ते मापांवर. मुंबईत वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला मरुत उभं आहे, जाऊन नीट बघा, दोन्ही इनटेकच्या (इंजिनात हवा घेणाऱ्या) तोंडाशी अर्धे कोन आहेत, नाकाजवळ चार तोफांची तोंडं, आणि मधे फ्यूजलाज (विमानाचं धड) कमरेसारखं आत गेलंय, ही कमरच ड्रॉइंगमध्ये चुकली की सगळं विमान जाडं दिसतं. कुणाकडे इनटेकचे, व्हील वेलचे (चाकं आत जातात त्या पोकळीचे) किंवा कॉकपिटचे जवळून काढलेले फोटो असतील तर खाली टाका, प्रिंटिंगची फाइल बनवणाऱ्यांना सगळ्यात जास्त तेच लागतं, बाहेरून काढलेले फोटो ढिगाने आहेत.