झिंगाट, बुंगाट आणि तिखटाट

रविवार, रात्र

शेजारच्या सोसायटीत हळद आहे. दहाला डीजे बंद झाला आणि शेवटचं गाणं अर्थातच ‘झिंगाट’. ‘सैराट’ 2016 च्या एप्रिलमध्ये आला, तेव्हापासून याच्याशिवाय हळद उरकत नाही.

या शब्दाचं मला फार कौतुक आहे. झिंग, झिंगणं हे आपल्याकडे जुनंच. ‘झिंगाट’ आधी कुठे कुणाच्या तोंडी असेलही, पण घराघरांत नेला तो अजय-अतुलनी. त्यातलं ते शेवटचं ‘आट’ तर आपल्या जिभेवर होतंच. गडगडाट, किलबिलाट, घमघमाट, ठणठणाट. शिवाय सुसाट, भन्नाट. आवाज असो, वास असो की वेग, प्रकरण हाताबाहेर चाललंय एवढं त्या ‘आट’वरून कळतं. त्यामुळे झिंगाट म्हणजे काय, हे कुणी विचारलंच नाही. त्याच गाण्यातल्या बुंगाट-चिंगाटचंही तेच. गंमत म्हणजे ‘सैराट’ हा गावाकडचा जुना शब्द, आणि शहरातली पोरं त्याचाच अर्थ विचारत फिरत होती!

2018 ला ‘धडक’ आला. गाणं हिंदीत गेलं, ओळी बदलल्या, झिंगाट मात्र जागचा हलला नाही. त्याच्या जागी ठेवणार तरी काय?

कोल्हापूरकडच्या ‘विषय हार्ड’चं मला तितकंसं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खूप हसलो होतो. आता रीलवर, टी-शर्टवर, रिक्षाच्या पाठीवर, जिथे तिथे तेच. ‘नाद खुळा’ त्यापेक्षा कितीतरी चिवट निघाला.

आमच्या ओळखीचे एक काका या सगळ्यावर ‘मराठीची वाट लावली, नुसती भंकस’ असं म्हणून मोकळे होतात. भंकस हा शब्द त्यांच्या आजोबांपुढे उच्चारून बघायला हवा होता.

संध्याकाळी भाची आली होती. दुसरीत आहे. मी केलेल्या मॅगीत मसाला जरा सढळ पडला. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी, आणि ओरडली, “मामा, तिखटाट झालीये!”

ताई म्हणाली, “तिखटजाळ म्हणतात गं.”

“नाही. तिखटजाळ तू करतेस. ही तिखटाट आहे.” आणि प्लेट पुढे करून आणखी मागितली.