पैसा एकाचा, कारभार दुसऱ्याचा

सह्याद्री हॉस्पिटल्स ही पुण्याची रुग्णालय-साखळी नाशिककरांना नवी नाही. तिचे एक रुग्णालय आपल्या शहरातही आहे. ही साखळी 2019 मध्ये एव्हरस्टोन या प्रायव्हेट इक्विटी फर्मकडे, म्हणजे इतरांचा पैसा गोळा करून कंपन्यांचे हिस्से घेणाऱ्या आणि काही वर्षांनी ते विकणाऱ्या फर्मकडे, गेली, 2022 मध्ये कॅनडातील ओंटारियो प्रांताच्या शिक्षकांचे निवृत्तिवेतन सांभाळणाऱ्या निधीने तिचा मोठा हिस्सा घेतला, आणि 2025 मध्ये मणिपाल समूहाने ती विकत घेत असल्याचे जाहीर केले. त्या मणिपालमध्येही सर्वांत मोठा हिस्सा सिंगापूर सरकारच्या मालकीच्या टेमासेकचा आहे. म्हणजे मधली काही वर्षे नाशिकमध्ये ॲडमिट झालेल्या रुग्णाचे बिल कॅनडातल्या एखाद्या निवृत्त शाळामास्तरांच्या पेन्शनला हातभार लावत होते, आणि दोघांनाही एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

मी पेशाने सीए आहे आणि माझे बरेचसे अशील अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतले कारखानदार आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांच्या तोंडी ‘फंड’ हा शब्द वारंवार येऊ लागला आहे: अमक्याकडे फंड आला, तमक्याने फंडाला हिस्सा दिला. त्यापाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो, की या फंडाचा मालक कोण. या प्रश्नाचे उत्तर एका नावात देता येत नाही, आणि माझ्या मते तो प्रश्न पहिला विचारण्याचा नाहीच. फंडाची मुदत किती उरली आहे, हे आधी विचारायला हवे. तिथपर्यंत कसे पोहोचायचे, ते जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे अशा फंडांना सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचे 2012 चे पर्यायी गुंतवणूक निधींचे नियम लागू होतात आणि प्रायव्हेट इक्विटी फंड साधारणपणे त्यांतल्या दुसऱ्या वर्गात मोडतात. फंड कागदोपत्री बहुधा ट्रस्ट असतो. पैसे घालणारे वेगळे, ट्रस्टी वेगळे, आणि पैसा कुठे घालायचा हे ठरवणारी व्यवस्थापक कंपनी आणखी वेगळी. गुंतवणूकदाराला सर्वसाधारणपणे किमान 1 कोटी रुपये घालावे लागतात. त्यामुळे तिथे विमा कंपन्या, बँका, मोठी घराणी, परदेशी पेन्शन निधी आणि विद्यापीठांचे निधी असतात. त्यांच्याकडून सगळा पैसा एकदम घेतला जात नाही. ते वचन देतात आणि व्यवस्थापक जसजसा व्यवहार ठरवतो तसतसा पैसा मागवतो. कोणता कारखाना घ्यायचा आणि कधी विकायचा, यात मात्र त्यांना बोलता येत नाही.

मग व्यवस्थापकाचे स्वतःचे किती अडकलेले असतात? नियमानुसार निधीच्या अडीच टक्के किंवा 5 कोटी रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढे तरी असावेच लागतात. समजा, फंड 1000 कोटींचा आहे. अडीच टक्के म्हणजे 25 कोटी झाले, पण 5 कोटी त्याहून कमी असल्याने कायद्याला तेवढे पुरेसे आहेत, म्हणजे शेकडा अर्धा रुपया. बरेच व्यवस्थापक याहून अधिक घालतात, कारण मोठे गुंतवणूकदार तसा आग्रह धरतात. पण किमान मर्यादा पाहिली तर दुसऱ्याच्या पैशावर चालणारा हा कारभार आहे, हे स्पष्ट होते. जगभरच्या प्रथेप्रमाणे वर्षाला सुमारे दोन टक्के फी धरली, तर या फंडाच्या व्यवस्थापकाला सुरुवातीच्या वर्षांत दरसाल 20 कोटी मिळतात, मग एकही कारखाना नफ्यात येवो वा न येवो. शिवाय ठरलेला किमान परतावा, बहुतेक ठिकाणी सुमारे आठ टक्के, गुंतवणूकदारांच्या हाती पडल्यावर नफ्यातला पाचवा हिस्सा व्यवस्थापकाचा. 1000 कोटींचे 2200 कोटी झाले तर 1200 कोटींच्या नफ्यातले साधारण 240 कोटी त्याचे. इतक्या थोड्या स्वतःच्या पैशावर इतका वाटा मिळवून देणारा धंदा आमच्या अंबडमध्ये तरी मी पाहिलेला नाही.

या व्यवस्थापक फर्म कोणाच्या, याचे उत्तर त्यामानाने सोपे आहे: बहुतेक वेळा तिथल्या वरिष्ठ भागीदारांच्या. अमेरिकेतली केकेआर 1976 मध्ये जेरोम कोलबर्ग, हेन्री क्रॅव्हिस आणि जॉर्ज रॉबर्ट्स यांनी काढली, तर ब्लॅकस्टोन 1985 मध्ये स्टीफन श्वार्झमन आणि पीटर पीटरसन यांनी. ब्लॅकस्टोन 2007 मध्ये आणि केकेआर 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात सूचिबद्ध झाली, त्यामुळे आज त्यांचे शेअर कोणीही घेऊ शकतो. पण तो शेअर प्रामुख्याने त्यांच्या फीमधला आणि नफ्याच्या वाट्यातला हिस्सा असतो, त्यांच्या फंडांनी घेतलेल्या कंपन्यांचा नव्हे. आपल्याकडे आयसीआयसीआय व्हेंचर ही बँकेची उपकंपनी आहे. तिथून बाहेर पडून रेणुका रामनाथ यांनी 2009 मध्ये मल्टिपल्स सुरू केली. याच मल्टिपल्सने 2025 च्या जुलैमध्ये व्हीआयपी इंडस्ट्रीजमधला 32 टक्क्यांपर्यंतचा हिस्सा प्रवर्तक पिरामल कुटुंबाकडून घेण्याचा करार जाहीर केला. व्हीआयपीच्या बॅगा नाशिकमध्ये बनतात, तेव्हा ही बातमी सातपूरच्या चहाच्या टपरीपर्यंत त्याच संध्याकाळी पोहोचली असल्यास नवल नाही.

आता कारभाराकडे येतो. माझे एक अशील गाड्यांचे सुटे भाग बनवतात. त्यांनी एका फंडाला अल्पमतातला हिस्सा दिला, तेव्हा त्यांची समजूत अशी होती की बहुमत आपल्याकडे आहे, म्हणजे कारखाना आपलाच आहे. भागधारकांच्या कराराचा मसुदा आला तेव्हा आम्ही दोघे तो ओळीने वाचत बसलो. त्यात फंडाच्या लेखी संमतीशिवाय करता न येणाऱ्या गोष्टींची भलीमोठी यादी होती: ठरावीक रकमेवरचे कर्ज, नवी यंत्रसामग्री, वार्षिक बजेट, ऑडिटरची नेमणूक, नातेवाइकांचे पगार. आमच्याकडच्या कित्येक कारखान्यांत शेड पत्नीच्या नावावर असते आणि कंपनी तिला भाडे देते; मालवाहतूक भाच्याच्या ट्रकवर चालते. हे सगळे त्या यादीत ‘संबंधित व्यक्तींशी व्यवहार’ म्हणून अडकले. शेठ बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “साहेब, भाच्याला मी काय सांगू?” भाच्याचे दर बाजारभावापेक्षा जास्त होते, हे त्यांना माहीत होते आणि मलाही. पुढे निविदा मागवल्या गेल्या आणि भाच्याने दर कमी करून काम टिकवले, हे या व्यवहाराचे मला आवडलेले फळ.

संचालक मंडळावर फंडाचा प्रतिनिधी आला, मुंबईचा, तिशीतला, आणि दर महिन्याच्या सात तारखेच्या आत त्याला मागच्या महिन्याचा एमआयएस, म्हणजे खर्च-उत्पन्नाचा अंतर्गत अहवाल, हवा असे. पूर्वी ताळेबंद सप्टेंबरच्या तोंडावर जुळवणाऱ्या अकाउंट्स विभागाची त्यामुळे तारांबळ उडाली. सहा महिन्यांत मात्र कोणत्या भागावर नफा होतो आणि कोणता निव्वळ सवयीने बनवला जातो, हे प्रथमच आकड्यांत दिसू लागले. शिस्त हा या मंडळींचा खरा गुण आहे आणि तो मान्य करण्यात कमीपणा नाही. मला खटकली ती दुसरी बाजू. शिकाऊ मुलांच्या प्रशिक्षणाचा खर्च बजेट-बैठकीत सर्वांत आधी कापला गेला, कारण त्याचे फळ दिसायला जी वर्षे लागतात ती फंडाच्या मुदतीबाहेर पडत होती.

मुदत महत्त्वाची म्हणतो ती यासाठी. असा फंड ढोबळमानाने दहा वर्षांचा असतो. पहिल्या चार-पाच वर्षांत गुंतवायचे, उरलेल्या वर्षांत विकून पैसे परत करायचे. त्यामुळे तिसऱ्या वर्षातल्या फंडाने घेतलेला हिस्सा आणि पाचव्या वर्षातल्या फंडाने घेतलेला हिस्सा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, कागदावरची कलमे जशीच्या तशी असली तरी. करारात ‘ड्रॅग अलाँग’ नावाचे कलम असते. ठरलेल्या मुदतीत फंडाला बाहेर पडता आले नाही, तर तो आपल्याबरोबर प्रवर्तकाचाही हिस्सा तिसऱ्याला विकायला लावू शकतो. अल्पमत असूनही.

बाहेर पडण्याचे मुख्य रस्ते तीन: दुसऱ्या कंपनीला विकणे, दुसऱ्या फंडाला विकणे, किंवा शेअर बाजार. आपल्या सुला विनयार्ड्स या वाइन कंपनीचा आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली सार्वजनिक विक्री, डिसेंबर 2022 मध्ये 357 रुपये भावाने आला, तेव्हा सुलाला 960 कोटी मिळाले, असे गावात बोलले गेले. प्रत्यक्षात तो संपूर्ण इश्यू जुन्या भागधारकांच्या विक्रीचा होता, ज्यांत बेल्जियमची व्हर्लइन्व्हेस्टही होती. कंपनीच्या तिजोरीत त्यातला रुपयाही गेला नाही. यात गैर काही नाही, फक्त गावाची समजूत चुकीची होती. उलट उदाहरणही नाशिकचेच आहे. अशोका बिल्डकॉनच्या रस्ते-प्रकल्पांच्या उपकंपनीत 2012 मध्ये एसबीआय-मॅक्वायरीच्या निधीने 800 कोटी घातले, आणि त्यांना बाहेर पडायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. टोलच्या रस्त्याला गिऱ्हाईक मिळणे बॅगेइतके सोपे नसते.

लोकमानसातली प्रायव्हेट इक्विटीची प्रतिमा बरीचशी अमेरिकेतून आलेली आहे. टॉइज आर अस ही खेळण्यांची साखळी 2005 मध्ये केकेआर, बेन आणि व्होर्नाडो यांनी 6.6 अब्ज डॉलरला घेतली, त्यातला मोठा भाग कर्जाचा होता आणि ते कर्ज साखळीच्याच डोक्यावर बसले. 2017 मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली, 2018 मध्ये अमेरिकेतली दुकाने बंद झाली आणि 30 हजारांहून अधिक लोकांचे काम गेले. ऑनलाइन विक्रीची स्पर्धा होतीच, पण दुकाने सुधारायला लागणारा पैसा व्याजात जात होता. आपल्याकडे हे चित्र जसेच्या तसे उभे राहिले नाही, कारण शेअर खरेदीसाठी कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने बँकांना दीर्घकाळ कडक निर्बंध घातले होते, आणि स्वतःचे शेअर विकत घ्यायला पब्लिक कंपनीने मदत करण्यास कंपनी कायद्याचीही मनाई आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने कंपन्यांच्या खरेदीसाठी बँक-कर्जाचे दार किलकिले करण्याचा इरादा जाहीर केला. त्यामुळे अमेरिकेतली भीती इथे आजवर फारशी लागू नव्हती. पुढे ती किती लागू होईल, यावर लक्ष ठेवावे लागेल.

माझी स्वतःची शंका कारखान्यांपेक्षा रुग्णालये आणि शाळांबाबत अधिक आहे. सुट्या भागांचा भाव वाढवला तर वाहन कंपनी दुसरा पुरवठादार शोधते. आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकाला तशी सोय नसते. ठरलेल्या वर्षी ठरलेल्या भावाला विकायचे असलेल्या मालकाला ही गोष्ट चांगलीच ठाऊक असते.

शेतकऱ्यांची नजर आणखी वेगळी आहे. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीच्या समूहात 2022 मध्ये इन्कोफिन, कोरीस, एफएमओ आणि प्रोपार्को या युरोपीय गुंतवणूकदारांनी 310 कोटी घातले, तेव्हा ‘आता सह्याद्री विकली’ असे म्हणणारे द्राक्षबागायतदार मला भेटले. उत्पादक कंपनीचे भागधारक कायद्याने उत्पादकच असावे लागतात, त्यामुळे तो पैसा तिच्या काढणीपश्चात प्रक्रिया करणाऱ्या उपकंपनीत आला आणि मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली. ही रचना समजावून सांगितल्यावर एका बागायतदाराने विचारले, “पण उपकंपनी विकायची ठरली तर कोणाला विचारतील?” सहकारात सभासद हजारो आणि कारभार मूठभरांचा, हे पाहत मोठा झालेला माणूस मालकीच्या कागदावर सहजी विश्वास ठेवत नाही, आणि त्याचा प्रश्न बिनचूक होता. त्याचे उत्तर त्या दोन कंपन्यांमधल्या भागधारकांच्या करारात असते, आणि तो करार सभासदांच्या वार्षिक सभेत सहसा वाचला जात नाही.

सुट्या भागांच्या शेठकडे आता दुसरा फंड आला आहे. पहिल्याचा हिस्सा तो घेणार आहे. या वेळी शेठनी पहिल्याच बैठकीत फंडाचे कितवे वर्ष चालू आहे ते विचारले, ड्रॅग अलाँगला सहा वर्षांआधी हात लावायचा नाही असे लिहून मागितले, आणि शेडचा भाडेकरार आधीच पंधरा वर्षांचा नोंदवून ठेवला.